छावणीतलं चूलबंद आवतण

पाऊस रुसला की आमच्या बीड जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास रस्त्यावर दिसतात : पाण्याचे टँकर आणि मी. टँकर कुठं निघालेत ते सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्याबद्दल मात्र बायकोला रोज नव्यानं शंका येते.

परवा बीडला काम होतं. बीडहून माजलगावला घरी यायचं तर रस्ता पूर्वेला जातो. मांजरसुंबा दक्षिणेला आहे. आता या दोन दिशांचा मेळ कसा घालायचा, हा भूगोलाचा प्रश्न झाला आणि भूगोलात मी पहिल्यापासून कच्चा. माझी गाडी मांजरसुंब्याच्या चौकात एका धाब्यापुढं उभी राहिली तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटलं, असं मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "रबडी खाल्ली का?" मी म्हणालो, "गाडी थांबलीच होती, म्हणून."

रबडी नंतर. आधी शेवभाजी मागवली. वर लाल तर्री, तिच्यात बुडणारी जाड शेव, शेजारी हातानं फोडलेला कांदा. पहिला घास तोंडाशी नेला आणि तेवढ्यात चौकातून एक ट्रक गेला, उसाच्या वाढ्यांनी शिगोशीग भरलेला. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. दुष्काळात आमच्याकडं जनावरं त्यांवरच जगतात. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "छावण्या सुरू झाल्या वाटतं."

ओल्या वाढ्यांचा तो हिरवा, गोडसर वास आणि ताटातल्या मसाल्याचा वास एकमेकांत मिसळले. माझा घास हातातच राहिला. हे दोन वास एकत्र मी आयुष्यात फक्त एका उन्हाळ्यात घेतले होते.

मी खाण्यासाठी हिंडलेला माणूस आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. लोक देवदर्शनाला जातात आणि जाता जाता जेवतात. मी जेवायला जातो आणि वाटेत देव लागलाच तर हात जोडतो. हैदराबादेत पहाटेच्या गारठ्यात मटणाच्या नहारीसाठी रांग लावली आहे. सोलापुरात कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन स्टँडच्या पायरीवर बसलो आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी एस.टी. निघून गेली, तरी उठलो नाही. पुण्यात एका घरी आमटी वाढली, तिच्यात गूळ लागला. मी यजमानीणबाईंना मनापासून म्हणालो, "गोडाचा पदार्थ फार छान झालाय." पुन्हा बोलावणं आलं नाही. घरी बायकोचे धपाटे आहेत, लसणाच्या चटणीसोबत आणि वर लोण्याचा गोळा. ते सोडून माणूस घराबाहेर का पडतो, हा प्रश्न मला दर धपाट्याला पडतो आणि धपाटा संपला की सुटतो.

पण कुणी मला विचारलं की बाबा रे, आयुष्यातलं सगळ्यात थोर जेवण कुठलं, तर मी एका क्षणाचाही विचार न करता सांगतो : जनावरांच्या छावणीतलं.

तो उन्हाळा असा होता की धरण होतं, धरणात पाणी नव्हतं. साखर कारखाना होता, त्याला गाळायला ऊस नव्हता. होता नव्हता तेवढा ऊस जनावरांच्या दावणीला चालला होता. कारखान्याच्या मोकळ्या माळावर छावणी पडली होती. उसाच्या पाचटाची छप्परं, बारदानाचे आडोसे, ओळीनं बांधलेली गुरं आणि गुरांच्या उशापायथ्याला माणसं. आसपासच्या कितीतरी गावांनी बिऱ्हाडं तिथं हलवली होती, कारण टँकर तिथं यायचा. मी नुकताच कॉलेजातून सुटून आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव झालो होतो; दूध छावणीत गेलं म्हणून संस्थाही कॅनसकट छावणीत गेली आणि संस्थेबरोबर मी.

तिथली सकाळ धुरानं उजाडायची. प्रत्येक आडोशापुढं तीन दगडांची चूल, प्रत्येक चुलीचा धूर सरळ वर चढायचा आणि वर जाऊन एक व्हायचा. गुरं दिवसभर ऊसच चघळत असल्यानं दूध इतकं गोड लागायचं की चहात साखर कोण घालतंय! (बायको म्हणते हे मी नंतर रचलेलं आहे. असेल. पण चहा गोड होता.)

माझी गयाआत्या दोन म्हशी आणि एक बैलजोडी घेऊन तिथंच होती. तिचा नवरा, म्हणजे आमचे मामा, वारल्यापासून शेत तीच बघायची. देहानं काटकुळी, आवाजानं पहिलवान. आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या सुरेखाचं लग्न ठरलं. गावात हंडाभर पाणी नव्हतं आणि जनावरं सोडून हलता येत नव्हतं. म्हणून आत्यानं ठरवलं, लग्न छावणीतच लावायचं.

बैठकीला अंबाजोगाईहून नवऱ्या मुलाचे चुलते आले होते, अंबादासराव. अंगानं भरदार, जेवणातले दर्दी, निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं. त्यांनी छावणीभर नजर फिरवली आणि मिशीवर हात ठेवून म्हणाले, "लगीन हितं? आन वऱ्हाडाला काय, वाढे टाकनार का दावनीत?"

पाव्हणे हसले. आत्या हसली नाही. ते गेल्यावर मला म्हणाली, "बाळू, माज्या लेकीच्या पंगतीतून एक मानूस अर्ध्या पोटानं उठला, तर ते लई वर्षं माज्या लेकीला ऐकावं लागंल. ते व्हऊ द्यायचं न्हाई."

तिनं तयारी केली ती दोन पंगतींची. आपल्या आडोशांच्या ओळीतले शेजारी, आपले भावकीतले आणि वऱ्हाड. तांदूळ होता, थोडी डाळ होती, लापशीला भरडा आणि गूळ होता आणि एक डबा येसर होता. येसर म्हणजे आमच्या मराठवाड्यातल्या लग्नांचा जीव. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, तीळ, दगडफूल असं सगळं निगुतीनं भाजायचं आणि दळून ठेवायचं. उकळत्या फोडणीच्या पाण्यात मूठभर येसर पडलं की पाण्याला अंग येतं, रंग येतो आणि असा वास सुटतो की रुसलेला जावई स्वतःहून मांडवात येतो.

आता आमच्याकडं आवतणाचे प्रकार आहेत. घरटी एका माणसाला बोलावलं तर ते साधं आवतण. पण 'चूलबंद' सांगितलं, तर घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, आणि त्या दिवशी तुमची चूल पेटता कामा नये. पेटवलीत तर बोलावणाऱ्याचा अपमान. आणि चूलबंद सांगून कुणाला उपाशी ठेवलं, तर त्याची गोष्ट नातवंडांपर्यंत पोचते.

लग्नाच्या आदल्या दिवशी आत्या हळद लावण्यात गुंतली होती. छावणीत रफिकभाई होता, माजलगावचा मेकॅनिक. कडब्याची कुट्टी करायचं यंत्र, डिझेल इंजिन आणि चाऱ्याच्या वेळा पुकारायचा भोंगा हे त्याचं राज्य. आत्यानं त्याला हाक मारली. "रफिक, माजे हात भरलेत. तू आवतण देऊन ये. शेजाऱ्यांना चूलबंद सांग."

"शेजारी मतलब कौन कौन, आत्या?"

भोवती बायका बसलेल्या. गाणी चाललेली. आत्याला चेव आला. हळदीचा हात हवेत फिरवून ती म्हणाली, "या छावणीत माजा शेजारी न्हाई असा कोन हाय रे? सांग बिनघोर!"

बायकांनी वाहवा केली. रफिकभाई सरळ माणूस. त्यानं जाऊन भोंग्यावर पेंडवाटपाची वेळ सांगितली आणि पाठोपाठ पुकारलं, "गयाआत्याकडून समद्या छावणीला उद्या चूलबंद आवतण!" आत्याच्या ओळीशेजारी कुट्टीचं यंत्र धडधडत होतं, बायकांचा गळा टिपेला होता. आत्याला काही ऐकू आलं नाही. मी दूध घेऊन माजलगावला गेलेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आडोशाबाहेर आली आणि वर बघत राहिली. आभाळ स्वच्छ होतं, घासून ठेवलेल्या परातीसारखं.

"बाळू, धूर कावून न्हाई रे आज?"

मीही वर बघितलं. एवढ्या मोठ्या माळावर एकही चूल पेटलेली नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या गावची एक बाई लेकरांना न्हाऊमाखू घालून, धुतलेले कपडे चढवून घेऊन चालली होती. ती तिथूनच ओरडली, "येतोच आमी, आत्या! लेकरायला सकाळपून पानीबी जपून पाजलंय, पोटात जागा ऱ्हावी म्हनून!"

आत्या दुधाच्या कॅनवर मटकन बसली.

रफिकभाईला बोलावलं. त्याचा चेहरा उतरला. "आत्या, तुम जो बोले मैं वोहीच बोला."

"बराबर हाय तुजं," आत्या म्हणाली. "बोलले मीच."

बातमी फिरली तशा बायका गोळा झाल्या. घराघरातून पीठ आणू, ओंजळ ओंजळ डाळ आणू, म्हणाल्या. त्यावर आत्या ताडकन उठली. "पाव्हन्याचं पीठ घेऊन पाव्हन्याला जेवू घालू? मग लगीन कशाला लावू, झोळीच घेते की! तोंडातून गेलेलं परत घेनार न्हाई, आन पाव्हन्याचं पीठबी घेनार न्हाई."

"मग काय करतीस?"

"ते मला म्हाईत न्हाई!"

आता बघा पेच. चुली विझलेल्या. आवतण मागं घेता येत नाही. पीठ पुढं घेता येत नाही. आणि वऱ्हाडाचा टेम्पो धारूरचा घाट उतरत असणार.

या घटकेला पुढं झाले किसनराव साळवे, आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. ठरावाशिवाय पाणीसुद्धा पिणार नाहीत असा माणूस. त्यांनी एक रिकामा कॅन पालथा घातला, त्यावर चढले, धोतर सावरलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "सभा सुरू झाली असं जाहीर करतो."

"अवो किसनराव, हितं जीव चाललाय!"

"म्हनूनच सभा. गयाबाई, तुमी संस्थेच्या सभासद हाव का न्हाई?"

"हाय."

"शेअर घेतला तवा संस्थेवर उपकार केला का?"

"उपकार कसला? वाटा मिळतो की."

"मग झालं! आज जो पीठ आनल त्यो पाव्हना न्हाई, भागधारक हाय. त्याचं पीठ म्हंजी भीक न्हाई, भागभांडवल हाय. आन लाभांश आजच्या आज, पत्रावळीवर." मग माळाकडं वळून, "सकाळचं दूध डेअरीला न पाठवता लापशीवर घालावं, हा ठराव क्रमांक दोन. हरकत?"

गर्दीतून कुणीतरी खवट म्हातारा ओरडला, "कोरम हाय का?"

"आख्खी छावनी उपाशी हाय बे, कोरमला काय तोटा?" किसनराव म्हणाले.

असे हात वर झाले की गुरं बुजली. सचिव या नात्यानं मी दोन्ही ठरावांना अनुमोदन दिलं. लापशी माझ्या अत्यंत आवडीची आहे, हा निव्वळ योगायोग. आत्या डोळे बारीक करून किसनरावांकडं बघत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "ठराव झाला म्हंजी झाला. पर चूल माजीच पेटंल. दुसरी एकबी न्हाई."

मंडळी, सहकाराचा इतिहास मोठा आहे. पण न्याहारीच्या वेळेला भागभांडवल गोळा करून दुपारच्या जेवणाला लाभांश वाटणारी संस्था दुसरी झाली असेल, तर मला कळवा. मी जेवायला येतो.

रफिकभाई टेम्पो घेऊन सुटला आणि बंद पडलेल्या गुऱ्हाळावरून गुळाची काहील घेऊन आला. काहील म्हणजे केवढी? आत बैल बसला असता. गड्यांनी माळावर लांबच लांब चर खणला. आत्यानं आपल्या चुलीतला विस्तव आणून त्याच्या तोंडाशी ठेवला. पाचट भडकलं, गोवऱ्या धरल्या. चराच्या एका टोकाला काहील चढली आणि उरलेल्या लांबीवर बायकांनी आपापले तवे मांडले. चुली घरोघर गारच राहिल्या. आग एकट्या गयाआत्याची.

मग तो आवाज सुरू झाला. भाकरी थापायचा. एक बाई थापते तेव्हा ते काम असतं. एवढ्या जणी एका लयीत थापतात तेव्हा तो ताशा असतो. काहिलीत तेल तापलं, ठेचलेला लसूण पडला, पाणी उकळलं आणि आत्यानं येसरचा डबा उघडला. गुळाचा पाक ढवळायच्या लांब दांड्यानं ती काहिलीभोवती फिरत होती, रणांगणावर निघाल्यासारखी. आमटीनं रंग धरला. तो वास वाऱ्यावर आधी दावणीकडं गेला. वाढे चघळणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. त्यांना नेमकं काय वाटलं असेल, हा विचार मला अजून सतावतो.

वऱ्हाड उतरलं. अंबादासराव काडीनं दात कोरत खाली आले. "विहीनबाई, आमी वाटंत धाब्यावर थोडं खाऊन घेतलंय. म्हनलं, तुमाला तरास नको."

लग्नाला निघालेल्यांनी वाटेत जेवून येणं म्हणजे काय, हे त्या माळावरच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. आत्या हसली. ते हसू बघून मी दोन पावलं मागं सरलो.

"ब्येस केलं," ती म्हणाली. "मग तुमी निस्ता वास घ्यायला बसा."

अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या. त्या दिवसाआधी कुणी कुणाच्या पंगतीला, कुठल्या टोकाला बसायचं, हे आमच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतं. काहिलीला ते माहीत नव्हतं. एका ओळीत सगळे मांडी घालून बसले आणि जेवणाऱ्यांना शेजारच्याकडं बघायला सवड नव्हती.

अंबादासराव मान राखायला म्हणून बसले. भाकरीचा एक तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात टाकला. चावायचे थांबले. मग सावकाश आख्खी भाकरी कुस्करली, मध्ये आळं केलं आणि वाढप्याला नुसतं बोटानं खुणावलं. दुसऱ्या भाकरीला टोपी काढली. तिसरीला कोटाची गुंडी. गुळाची लापशी आली, तिच्यावर गरम दुधाची धार पडली. त्यांनी डोळे मिटले. लापशीनंतर पुन्हा आमटी मागितली, तेव्हा आमच्यातला एक टारगट वाकून म्हणाला, "पाव्हनं, वाढे आनू का थोडे?"

त्यांनी मान वर केली नाही. "आन," म्हणाले. "रश्शात बुडवून खातो."

माळ असा हसला की रफिकभाईचा भोंगा नसताना पार कारखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं.

ती आमटी पुढं मी कितीदा करून बघितली. तेच येसर, त्याच प्रमाणात. माझी बायको तर माझ्यापेक्षा शंभरपट चांगली करते. पण आमची कढई घरची आहे. तिच्यात वर्षानुवर्षांचा गूळ मुरलेला नाही, आणि तिच्याखाली एकाच विस्तवाची आग करून भोवती आख्खा माळ बसलेला नाही. परवा शेवभाजी पुढ्यात ठेवून मी हेच सगळं त्या गल्ल्यावरच्या माणसाला सांगत होतो. तो म्हणाला, "काका, गार व्हायली." आम्हा बोलक्या खवय्यांचा हा शाप आहे : एक तर सांगावं, नाही तर खावं. मी दोन्ही करायला बघतो आणि तर्रीवर साय धरते.

पंगतीमागून पंगती उठल्या. माळाच्या पार त्या टोकाच्या आडोशातली म्हातारी आली, तिला दोघांनी उचलून आणलं. गुराख्यांची पंगत झाली, टँकरच्या ड्रायव्हरांची झाली. आत्या प्रत्येक पंगतीत फिरायची, पत्रावळ रिकामी दिसली की तिथंच उभी राहायची आणि विचारायची, "पोट भरलं का? खरं सांग." ढेकर ऐकल्याशिवाय पुढं सरकायची नाही.

ऊन कललं तेव्हा जेवायचं उरलेलं एकच माणूस होतं.

अंबादासरावांनी धोतर वर खोचलं, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि वाढप्याच्या हातातली बादली काढून घेतली. "विहीनबाई, बसा. मी वाढतो."

आत्या बसली. सगळी छावणी भोवती उभी. सुरेखा मुंडावळ्या सावरत पुढं आली. अंबादासरावांनी वाकून भाकरी वाढली, आमटी वाढली आणि तसेच वाकून थांबले. आत्यानं भाकरी कुस्करली. घास घेतला. डोळे मिटून हळूहळू चावला.

"कशी झालीय, विहीनबाई?"

आत्यानं डोळे उघडले.

"मीठ कमी हाय."

एकच गलका झाला. काय बोलताय आत्या! बोटं चाटून खाल्ली आमी! अंबादासरावांनी तर बादली खाली ठेवून हात जोडले. "बाई, आख्खी छावनी जेवून उठली, एकानं तरी मीठ मागितलं का?"

"तुमाला भूक व्हती," आत्या म्हणाली. "मला पाटंपासून काळजीनं जिबंला चवच न्हवती. आत्ता कुठं कळायली."

आणि तिनं पत्रावळ पुढं सरकवली. "चिमूटभर मीठ द्या, आन वाढा अजून. बुडातलं वाढा, घट्ट."